मुलीचं नाव ‘रुद्राणी’: खरा अर्थ काय, नाव फार उग्र होतं का, आणि दाखल्यावर कसं लिहायचं?

प्रश्न: पाळणाघाई, कर्वेनगर

मुलीचं नाव रुद्राणी ठेवायचं असं आम्हा दोघांच्या मनात पक्कं आहे. मिळमिळीत नाव नको होतं. सोसायटीच्या बागेत ‘अन्वी’ अशी हाक मारली की निम्म्या पोरी वळून बघतात, तसलं तर अजिबात नको होतं. पण घरात दोन पक्ष पडलेत. सासूबाई म्हणतात, नाव उग्र आहे आणि नावासारखा स्वभाव होतो. त्यांनी ‘शर्वाणी’ सुचवलंय, तेच जरा मवाळ म्हणून. नावांच्या साइटवर पाहिलं तर एकीकडे ‘वीज’, दुसरीकडे ‘रडवणारी’ आणि तिसरीकडे ‘रुद्राची राणी’ असे अर्थ दिलेत.

जाणकारांना चार गोष्टी विचारायच्या आहेत. नेमका अर्थ काय? शेवटी ‘णी’ की ‘नी’? इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक ‘ए’ की दोन? आणि प्रसूती चिंचवडला (माहेरी) झाली असून हॉस्पिटलवाले नोंदणीच्या फॉर्मसाठी नाव मागतायत, तर ते लगेच द्यावं की बारसं होईपर्यंत थांबवता येतं?

---

धातुसाधित:

आधी ते तीन अर्थ निकालात काढू.

‘रुद्राची राणी’ हे ऐकायला छान आहे, पण या शब्दात ‘राणी’ नाहीच. रुद्र + आनी अशी ही घडण आहे. पाणिनीचं सूत्रच आहे यासाठी (४.१.४९). इंद्र, वरुण, भव, शर्व, रुद्र, मृड या नावांपुढे ‘त्याची पत्नी’ या अर्थी ‘आन्’ येऊन स्त्रीलिंगी ई लागते. म्हणून इंद्राणी, वरुणानी, भवानी, शर्वाणी, रुद्राणी, मृडानी. ‘णी’ की ‘नी’ याचं उत्तरही इथेच मिळतं. शब्दात आधी र किंवा ऋ आला असेल तर पुढच्या न चा ण होतो. रुद्र, शर्व, इंद्र यांत र आहे, म्हणून णी. भवमध्ये नाही, म्हणून नी. मृडमध्ये ऋ आहे, पण मध्ये ड आडवा येतो, म्हणून तिथेही नी. वरुणानीत र असूनही न राहिला, कारण मध्ये ण येऊन वाट अडवतो. तेव्हा ‘रुद्रानी’ चूक आणि ‘भवाणी’ही चूक.

‘वीज’ हा अर्थ बहुधा शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथातल्या यादीतून घसरत आलेला आहे. तिथे (६.१.३) एकाच देवाला ओळीने आठ नावं मिळतात: रुद्र, शर्व, पशुपती, उग्र, अशनी, भव, महादेव, ईशान. प्रत्येकाची सांगड एकेका तत्त्वाशी घातलेली आहे. त्यात वीज म्हणजे अशनी. रुद्र म्हणजे अग्नी आणि शर्व म्हणजे पाणी. कुणीतरी ओळ चुकवली आणि मग सगळ्या साइटनी एकमेकींची वही पाहिली.

आता ‘रडवणारी’. याला आधार आहे, पण तो अर्धाच सांगितला जातो. निरुक्त या वैदिक शब्दांची फोड करणाऱ्या ग्रंथात (१०.५) त्याचा कर्ता यास्क रुद्राच्या तीन व्युत्पत्त्या देतो: गर्जना करतो तो, गर्जत धावतो तो आणि रडवतो तो. त्यालाच जोडून ‘रडला म्हणून रुद्र’ हे वचनही तो उद्धृत करतो, म्हणजे तिथे स्वतः रडणारा. शतपथातली वर सांगितलेली कथा तर बारशाच्या घरात वाचून दाखवावी अशी आहे. नुकताच जन्मलेला कुमार रडत असतो. प्रजापती विचारतो, का रडतोस? तो म्हणतो, मला नाव ठेवलेलं नाही, नाव दे. तेव्हा रडला म्हणून रुद्र हे नाव मिळतं आणि लगेच पुढे विधान येतं की म्हणून जन्मलेल्या मुलाचं नाव ठेवावं. म्हणजे ज्या नावाला घरात ‘उग्र’ म्हणताहेत ते मुळात नावासाठी रडणाऱ्या तान्ह्या बाळाचं नाव आहे.

उग्रपणाबद्दल आणखी दोन संदर्भ. ऋग्वेदात (२.३३.४) रुद्राला ‘भिषक्तमं त्वा भिषजां शृणोमि’ म्हटलंय, वैद्यांमधला सर्वांत श्रेष्ठ वैद्य. आणि रुद्रपाठात सुरुवातीलाच ‘या ते रुद्र शिवा तनूः अघोरा’ येतं, म्हणजे तुझं जे सौम्य, भीती न घालणारं रूप आहे ते. ‘शिव’ हा शब्द तिथे रुद्राचं विशेषण म्हणून आलाय आणि पुढे तेच नाव रूढ झालं. रुद्र बाण मारतो आणि औषधही तोच देतो.

अमरकोशात पार्वतीच्या नावांत ‘शिवा भवानी रुद्राणी शर्वाणी सर्वमङ्गला’ अशी सलग ओळ आहे. सासूबाईंना ही ओळ दाखवा. रुद्राणी आणि सर्वमंगला एकाच ओळीत बसल्या आहेत, मध्ये फक्त त्यांचीच शर्वाणी आहे.

आणि त्या शर्वाणीबद्दल: कोश उघडला तर उलटंच निघतं. शर्व हा ‘शॄ’ धातूवरून, म्हणजे इजा करणं, मारणं. अथर्ववेदात (११.२) भव आणि शर्व या दोघांची एकत्र प्रार्थना आहे आणि तिचा सूर ‘आमच्यावर बाण टाकू नका’ असा आहे. अर्थाने जोखायचं तर शर्वाणी रुद्राणीपेक्षा कणभरही मवाळ नाही. कानाला मऊ लागतं ते फक्त ‘श’मुळे. खरोखर सौम्य अर्थ हवा असेल तर याच घरातलं मृडानी आहे. मृड् म्हणजे कृपा करणं. पण ते नाव ठेवायला रुद्राणीपेक्षा जास्त धीर लागेल, कारण मराठी कानाला मृ ऐकला की आधी मृत आठवतो.

कोश पाहायचाच तर वा. शि. आपट्यांचा पाहा. फर्ग्युसनच्या पहिल्या प्राचार्यांचं हे काम अजून कुठल्याही साइटपेक्षा भरवशाचं आहे. रुद्राणी शोधताना रुद्र या नोंदीखालीही बघा, मूळ अर्थ तिथेच उलगडलेला असतो.

---

शनिवारपेठी:

नावासारखा स्वभाव होत असता तर शांतारामांच्या घरी कधी भांडी आपटली नसती.

पण एक इशारा देतो. मराठीत ‘रुद्रावतार’ हा शब्द रोजच्या वापरातला आहे. मुलगी दोन वर्षांची असताना पहिल्यांदा हट्टाने जमिनीवर लोळेल तेव्हा घरातलं कुणीतरी ‘घ्या, नावाप्रमाणेच’ म्हणणार. शाळेत बाई म्हणणार, ऑफिसात साहेब म्हणणार. हा विनोद तिला जन्मभर ऐकायचाय आणि प्रत्येक सांगणाऱ्याला तो आपल्यालाच पहिल्यांदा सुचलाय असं वाटणार. तुम्हाला हे चालत असेल तर पुढे चला.

तुलनेने भवानीची अवस्था वाईट आहे. देवी तुळजापूरची, पेठ पुण्याची, तलवार महाराजांची, आणि तरी ‘कोण गं ही भवानी?’ हे हेटाळणीने म्हटलं जातं आणि दुकानात सकाळी ‘अजून भवानी झाली नाही’ म्हणतात. चंडिका तर भांडखोर बाईला सरळ शिवीसारखंच वापरतात. या दोघींच्या मानाने रुद्राणी अजून कोरं आहे. बोलीभाषेने त्याला हात लावलेला नाही.

---

पाटीपेन्सिल:

पहिली-दुसरीच्या वर्गाच्या अंगाने लिहिते. अर्थाची चर्चा वर झाली. नाव रोज वापरायला कसं पडतं ते पाहू.

उच्चार: या नावात र दोनदा येतो, एकदा सुट्टा आणि एकदा द ला जोडून, आणि शेवटी ण. र हा मुलांच्या तोंडात उशिरा बसणारा वर्ण आहे, जोडाक्षरातला तर आणखी उशिरा. त्यामुळे सुरुवातीची काही वर्षं मुलगी स्वतःचं नाव ‘लुदानी’ किंवा ‘उद्दानी’ असं सांगेल. यात काळजीचं काही नाही. पण नवख्या माणसाला ते कळणार नाही, आणि लोक ‘काय? काय नाव?’ असं दोनदा विचारतात तेव्हा लाजाळू मूल सांगायचंच थांबतं. यावर साधा उपाय म्हणजे एक सोपं घरगुती नाव ठरवून ठेवायचं. या नावात ते आयतंच दडलंय. ‘द्राणी’ भरभर म्हटलं की ‘राणी’च ऐकू येतं. व्याकरण काही म्हणो, हाक तीच पडणार. दुसरी शक्यता रुद्रू किंवा रुदू. यातलं ‘रुदू’ टाळा, रुदनाकडे झुकतं. तुम्ही स्वतः ठरवलं नाही तर शेजारची मुलं ठरवतील आणि मग निवड तुमच्या हातात राहत नाही.

हाक मारून पाहा: गॅलरीतून खाली, जोरात, शेवटचा स्वर लांबवून. ‘रुद्राणीऽऽ’ चांगलं जातं, कारण शेवट दीर्घ ई आहे. अकारान्त नावांचं तसं नाही. ‘रुद्र’ ही हाक लांबवली की ‘रुद्राऽऽ’ होते आणि मुलाचं नाव मुलीचं वाटू लागतं. मुलाचं नाव रुद्र ठेवणाऱ्यांना ही अडचण कायम येते. इंग्रजीत शेवटचा ‘ए’ पाहून परप्रांतीय शिक्षक ‘रुद्रा’ म्हणतात आणि हजेरीत कधी मुलींच्या यादीत टाकतात. रुद्राणीला हा धोका नाही.

विभक्ती लावून पाहा: रुद्राणीला, रुद्राणीची, रुद्राणीने, रुद्राणीकडे. नाव कुठेही बदलत नाही की अडखळत नाही. मराठी नावाची ही खरी परीक्षा आहे, कारण आपण नुसतं नाव फारसं घेतच नाही, त्याला काहीतरी चिकटवूनच घेतो.

लिहिणं: इथे जरा जड आहे. पहिलीत आधी साधी अक्षरं आणि काना-मात्रा, जोडाक्षरं मागाहून येतात. तोवर मुलगी वहीवर ‘रुदराणी’ लिहील आणि तिच्या दृष्टीने ते बरोबरच असेल. रु ची गंमतही आहे. बाकी अक्षरांना उकार पायाशी लागतो, र ला तो पोटाशी लागतो. त्यामुळे ऱ्हस्व रु आणि दीर्घ रू यांत मुलांचा आणि मोठ्यांचाही घोळ होतो. रुद्र हा संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द, म्हणून रु ऱ्हस्वच. घरातल्या सगळ्यांनी पहिल्या दिवसापासून ऱ्हस्व लिहिला तर मुलीच्या हातालाही तेच वळण लागतं. आजोबांच्या पाटीवर दीर्घ आणि दप्तरावर ऱ्हस्व असं असेल तर चौथीपर्यंत गोंधळ चालू राहतो.

इंग्रजी माध्यमात घालणार असाल तर एक गोष्ट आधीच माहीत असू द्या. स्पेलिंगची पहिली तीन अक्षरं आर-यू-डी आहेत आणि पुढे ‘ई’ जोडून ‘रूड’ करायला मुलांना फार वेळ लागत नाही. तिसरी-चौथीत हे होतं आणि जातंही.

---

पाळणाघाई:

मनापासून आभार. वरची अमरकोशाची ओळ सासूबाईंना वाचून दाखवली. ‘बघू’ म्हणाल्या. आमच्याकडे ‘बघू’ म्हणजे अर्धा होकार.

आता नवा मुद्दा निघाला. पत्रिकेनुसार जन्म उत्तरा फाल्गुनीच्या दुसऱ्या चरणावर आहे आणि अक्षर ‘टो’ आलंय. रु त्यात कुठेच बसत नाही. टो वरून मुलीचं नाव काय ठेवणार?

---

पंचांगवाला:

काहीच नाही, आणि ठेवायची गरजही नाही.

उत्तरा फाल्गुनीची चार अक्षरं टे, टो, पा, पी. पहिलं चरण सिंह राशीत, उरलेली तीन कन्येत. ‘रू’ येतं स्वातीच्या पहिल्या चरणाला (रू, रे, रो, ता), रास तूळ. म्हणजे रुद्राणी हे काही तुमच्या मुलीचं नावरसाचं, म्हणजे पत्रिकेतल्या अक्षरावरचं, नाव होत नाही. अवकहडा चक्रात (नक्षत्राच्या चरणावरून अक्षर काढायच्या तक्त्यात) टो सारखी अडचणीची अक्षरं बरीच आहेत. आर्द्रा, हस्त आणि उत्तरा भाद्रपदा यांच्या वाट्याला तर अनुक्रमे ङ, ण, ञ आली आहेत. या अक्षरांनी नाव सुरूच होत नाही, म्हणून तिथे ग, ड, ज घेतात. अक्षर हे जन्मचरणाची खूण म्हणून आलेलं आहे. व्यवहारातलं नाव त्याच अक्षरावरून हवं असा आग्रह आपल्याकडे पूर्वी नव्हता.

नामकरणाच्या विधीत मुळात चार नावं असतात: कुलदेवतानाम, मासनाम, नक्षत्रनाम आणि व्यवहारनाम. ताम्हनात किंवा ताटात तांदूळ पसरून सोन्याच्या अंगठीने ही नावं लिहितात. हल्ली फक्त शेवटचं लिहून मोकळे होतात आणि मग एकाच नावाने ग्रह, कुळ, आजी आणि इन्स्टाग्राम या सगळ्यांना खूश करायची कसरत सुरू होते. चारही लिहा, बराच ताण कमी होईल.

नक्षत्रनामासाठी टो अडत असेल तर त्याच नक्षत्राचं पुढच्या चरणाचं ‘पा’ घेण्याची सवलत बहुतेक गुरुजी देतात. रास कन्याच राहते. पा वरून पार्वती. म्हणजे पत्रिकेत पार्वती आणि व्यवहारात रुद्राणी, देवी एकच. यापेक्षा सरळ तोडगा निघणं कठीण आहे. गुरुजींना हे बारशाच्या आधी फोनवर सांगून ठेवा. ऐन वेळी ताटापुढे चर्चा नको, मागे पाळण्यापाशी आत्या ‘कुर्र’ करायला ताटकळत उभी असते.

गंमत म्हणून सांगतो, ज्या नक्षत्राची देवता रुद्र आहे ते आर्द्रा. त्याची अक्षरं कू, घ, ङ, छ. तिथेही रु नाही.

कुणीतरी जुन्या ग्रंथांचा हवाला देईलच, म्हणून तेही आधीच सांगून टाकतो. पारस्कर गृह्यसूत्रात (१.१७) मुलाच्या नावाला दोन किंवा चार अक्षरं आणि मुलीच्या नावाला विषम अक्षरं सांगितली आहेत. रु-द्रा-णी तीन अक्षरं, बसलं. मुलीचं नाव आकारान्त असावं असंही तिथे आहे, पण तो नियम तंतोतंत लावला तर सावित्री, गायत्री आणि देवकी या सगळ्याच बाद होतात. मनुस्मृतीत (२.३३) मुलीचं नाव उच्चारायला सोपं, ‘अक्रूर’, स्पष्ट अर्थाचं, मनोहर, मंगल आणि दीर्घ स्वरान्त हवं असं आहे. घरातला आक्षेप नकळत या ‘अक्रूर’वरूनच आलेला असतो. मुलांच्या नावाला मात्र ही अट नाही. क्षत्रियाचं नाव बलवान हवं असं तिथेच आधीच्या श्लोकांत सांगून ठेवलंय. आज मुलीला दमदार नाव द्यावंसं वाटतं त्यामागे हा जुना भेद मोडायची इच्छा असते, आणि मला त्यात गैर काही दिसत नाही. तेराव्या शतकात वरंगळच्या काकतीय राज्यावर रुद्रमदेवी बसली होती. राज्य करताना तिला ‘रुद्रदेव महाराज’ असं पुरुषी नाव घ्यावं लागलं. आता तेवढीही गरज नाही.

---

खिडकी क्रमांक तीन:

कागदपत्रांचं कुणीच लिहिलेलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो. नावाची खरी अडचण इथे होते.

पहिलं म्हणजे कार्यालय. जन्माची नोंद राहत्या पत्त्यावर होत नाही, जन्म जिथे झाला त्या हद्दीत होते. चिंचवडला प्रसूती म्हणजे नोंद पिंपरी-चिंचवड महापालिकेकडे. कर्वेनगरला राहता म्हणून वारजे-कर्वेनगर क्षेत्रीय कार्यालयात गेलात तर परत पाठवतील, आणि त्यांचं बरोबरच असेल. पहिलं बाळंतपण माहेरी करणाऱ्या निम्म्या घरांत हा हेलपाटा होतो. पुढे कधीही दुरुस्ती किंवा जादा प्रत लागली तरी तिकडेच जायचं, हे फायलीवर लिहून ठेवा.

दुसरं, हॉस्पिटलची घाई. जन्म २१ दिवसांच्या आत कळवायचा असतो आणि हॉस्पिटलात जन्म झाला असेल तर ते काम हॉस्पिटलचं. पण त्यांनी कळवायचा असतो तो जन्म. नाव त्याच वेळी दिलंच पाहिजे असं नाही. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १४ मध्ये नावाविना झालेल्या नोंदीत नंतर नाव भरण्याची सोय आहे. नोंदणीच्या तारखेपासून १२ महिन्यांपर्यंत ते विनाशुल्क होतं, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. त्यामुळे फॉर्मवर नावाचा रकाना कोरा ठेवा आणि तसं स्पष्ट सांगा. आई-वडिलांची नावं मात्र त्याच वेळी अक्षर न् अक्षर तपासा, कारण त्यात चूक झाली तर ती खरी डोकेदुखी.

तात्पुरतं म्हणून घरातलं कुठलंही नाव लिहून देऊ नका. ‘आत्ता पिंकी टाका, मग बदलू’ हा सगळ्यात महागात पडणारा सल्ला. कोरा रकाना भरणं सोपं असतं. भरलेला बदलणं वेगळं. कलम १५ खाली दुरुस्ती होते ती चुकीच्या नोंदीची, आणि ‘आम्हाला आता दुसरं नाव आवडतं’ ही काही चूक धरत नाहीत. शर्वाणी की रुद्राणी हा घोळ संपेपर्यंत कोरंच राहू द्या. पण अकराव्या महिन्यापर्यंतही ताणू नका, कारण आधार आणि पुढचं सगळं याच दाखल्यावर चालतं. १ ऑक्टोबर २०२३ पासून किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेश, पासपोर्ट, वाहन परवाना, मतदार यादी अशा ठिकाणी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जातो. पूर्वी शाळेच्या दाखल्यावर भागायचं, ते दिवस गेले.

तिसरं, अक्षरं. नाव भरण्याचा अर्ज देताना ते मराठीत आणि इंग्रजीत ठळक, सुट्या अक्षरांत लिहून द्या आणि दाखला छापण्याआधी पडद्यावर दाखवायला सांगा. या नावात होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत: रूद्राणी (दीर्घ रू), रुद्रानी (न), रुद्रणी (काना गायब), रुद्राणि (ऱ्हस्व वेलांटी). चारही चुका अशा आहेत की घाईत नजरेतून सुटतात, विशेषतः पहिली. खिडकीपाशीच बोट ठेवून तीन जागा बघा: र च्या पोटातला उकार, द्र वरचा काना, शेवटचा ण आणि त्याची दीर्घ वेलांटी.

इंग्रजी स्पेलिंगमध्ये मी एकच ‘ए’ घ्यायला सांगेन: आर, यू, डी, आर, ए, एन, आय. इंद्राणी, भवानी, शर्वाणी सगळ्या अशाच लिहिल्या जातात आणि वाचणाऱ्याला सवय आहे. दोन ‘ए’ लावले तर उच्चार जास्त नेमका कळतो हे खरं, पण समोरचा माणूस प्रत्येक वेळी एक ‘ए’ खातो आणि मग विमानाच्या तिकिटावर एक आणि पासपोर्टवर दोन असं होतं. अंकशास्त्रासाठी जादा अक्षर घालणाऱ्यांनी तर हा खर्च आधीच हिशेबात धरावा.

आधारच्या वेळी वेगळा सापळा असतो. ऑपरेटर इंग्रजीत टाइप करतो आणि मराठी ओळ यंत्र आपोआप तयार करतं. एक ‘ए’ पाहून ते ‘रुद्रणी’ करू शकतं, आणि एन पाहून ‘रुद्रानी’. मराठी ओळ तिथल्या तिथे हाताने दुरुस्त करता येते, पण तुम्ही सांगाल तरच. पाच वर्षांखालच्या मुलांच्या आधारला बोटांचे ठसे घेत नाहीत. पाचव्या वर्षी ते पहिल्यांदा द्यावे लागतात आणि पंधराव्या वर्षी अद्ययावत करावे लागतात. दोन्ही वेळी नावाची मराठी ओळ पुन्हा बघा.

चौथं, नावाची लांबी. १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या बालकांसाठी राज्य शासनाच्या कागदपत्रांत क्रम आहे बालकाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, मग आडनाव. म्हणजे रुद्राणी एकटी येणार नाही, मागे आणखी तिघं येणार. आईचं नाव प्रज्ञा आणि वडिलांचं शत्रुघ्न असेल तर ‘रुद्राणी प्रज्ञा शत्रुघ्न’ म्हणताना हजेरी घेणाऱ्याची जीभ अडकते. चारही नावं सलग दोनदा मोठ्याने म्हणून बघा. पासपोर्टला आडनाव आणि दिलेलं नाव असे दोनच रकाने असतात. दिलेल्या नावात आई-वडिलांची नावं घालायची की नाही हे एकदाच ठरवा आणि पुढे सगळीकडे तेच चालवा.

आणि समजा उद्या नाव बदलायचंच ठरलं, तर अज्ञान (म्हणजे अठरा वर्षांखालच्या) मुलासाठी पालकांना महाराष्ट्र शासन राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करता येतो. पण राजपत्र निघालं म्हणजे जन्मदाखला आपोआप बदलतो असं नाही. मग प्रत्येक ठिकाणी दोन कागद जोडत बसायचं. दहावीच्या प्रमाणपत्रावर नाव छापून येण्याआधी हे उरकलेलं बरं.

---

धातुसाधित:

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. अर्थाच्या बाजूने एक भर घालतो. भागवतात (३.१२) अकरा रुद्रांच्या अकरा पत्नींना मिळून ‘रुद्राण्यः’ म्हटलंय आणि त्यांत इला, अंबिका, इरावती, दीक्षा ही नावं आहेत. ही नावं कुणाला उग्र वाटत नाहीत. पुण्यात दर दुसऱ्या बालवाडीत एखादी दीक्षा नाहीतर इरावती सापडेल. त्याही रुद्राणीच.

दमदार नावं वापराने कशी मऊ होतात याचं जवळचं उदाहरण जेजुरीचं. मल्हारी म्हणजे मल्ल दैत्याचा अरी, त्याला मारणारा. त्याचंच मल्हार झालं आणि आता लोकांना त्यात पावसाचा राग ऐकू येतो.

---

शनिवारपेठी:

पाळणाघाई, ठरलंच असेल तर शेवटची दोन कामं. पाळण्यामागचा फ्लेक्स करून घेताना नाव व्हॉट्सॲपवर टाइप करून पाठवू नका. बऱ्याच छपाईवाल्यांकडे अजून जुने मराठी फॉन्ट आहेत. मोबाइलवरचा मजकूर तिथे चिकटवला की द्र फुटतो आणि ‘रुद् राणी’ असं दोन तुकड्यांत छापून येतं. कागदावर सुवाच्य लिहून त्याचा फोटो द्या आणि छपाईआधी नमुना मागा. चांदीच्या वाटीवर नाव घालून घेणार असाल तर तिथेही तोंडी सांगू नका, कागदच द्या, उकार ऱ्हस्व काढून. फ्लेक्स चुकला तर दुसरा छापता येतो, वाटीवरचा दीर्घ रू घासून जात नाही.